हलव्याचे दागिने, गालावरची तीट आणि गिम्प ३.०

लहान मुलाच्या फोटोचे रिटचिंग, म्हणजे डागडुजी, घरच्या संगणकावर नीट करता येते का, आणि त्यासाठी दरमहा पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यावे लागते का, हे दोन प्रश्न सांगलीतल्या ओळखीच्या बऱ्याच आयांनी मला विचारले आहेत. तोंडी दिलेली उत्तरे दर वेळी अर्धवट राहिली, म्हणून गिम्प या फोटो सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या ३.० आवृत्तीविषयीचा अभिप्राय येथे सविस्तर लिहीत आहे. मी हौशी छायाचित्रकार आहे, पोटासाठी हे काम करत नाही. त्यामुळे दिवसाला शंभर फोटो हातावेगळे करायचे आहेत अशांना या अभिप्रायाचा फारसा उपयोग होणार नाही. फोटो एकच आहे, पण तो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे आणि मूल मोठे झाल्यावरही तो तिथेच राहणार आहे, असा ज्यांचा हिशेब असेल त्यांनी पुढे वाचावे.

अशा सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची तर बोरन्हाणाच्या फोटोइतका अवघड पेपर दुसरा नाही. काळे झबले, त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने, मध्ये गव्हाळ चेहरा, डोळ्यांत काजळ, गालावर तीट, कपाळावर औक्षणाचे कुंकू, आणि डोक्यावरून घरंगळणारी बोरे, चुरमुरे व उसाचे करवे, असे सगळे एकाच चौकटीत येते. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. हलवा वरच्या टोकाला जाऊन टेकला की त्याचे काटे दिसेनासे होतात, आणि झबले खालच्या टोकाला बसले की कापडाची वीण व शिवण नाहीशी होते. फोटो काढतानाच निसटलेले हे तपशील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही. फार तर त्या जागी काहीतरी कल्पनेने रंगवून देते. म्हणून बोरन्हाणाचा फोटो घेताना उजेड हलव्याच्या हिशेबाने धरावा आणि चेहरा किंचित गडद आला तरी चालवून घ्यावा, कारण गडद भाग नंतर उजळता येतो, पण फुटलेला, म्हणजे वरच्या टोकाला टेकून तपशील हरवलेला, पांढरा सावरता येत नाही.

ज्या फोटोवर हे सॉफ्टवेअर पारखले तो माझ्या भाच्याचा, विश्रामबागेतल्या घरी खिडकीच्या उजेडात काढलेला. मूल चालायला लागलेले, त्यामुळे एका जागी न ठरणारे. वरच्या ओठावर सुकलेला शेंबूड, हनुवटीवर लाळेने उठलेले बारीक पुरळ, कपाळावर डास चावल्याची गाठ, उजव्या डोळ्याखाली फरकटलेले काजळ, नाकाच्या शेंड्यावर सांडलेले कुंकू, डाव्या कानाजवळ जन्मखूण, उजव्या गालावर तीट, आणि झबल्यावर जिकडेतिकडे हलव्याची पांढरी पूड. ज्यांच्या घरी बोरन्हाण झाले आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

हा फोटो मी आधी गावातल्या एका स्टुडिओत दिला होता. परत आला तेव्हा बाळाचा रंग दोन छटांनी उजळला होता, गालांवरची लव पूर्ण पुसली गेली होती, जन्मखूण नव्हती आणि तीटही नव्हती. काउंटरवरचा मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘‘मॅडम, डाग सगळे काढलेत, आणि गोरं पण केलंय. त्याचे वेगळे पैसे नाहीत.’’ त्याचा हेतू वाईट नव्हता, गिऱ्हाइके बहुधा हेच मागत असावीत. घरी आईने फोटो हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘अगं, तीट कुठं गेली बाळाची?’’ दृष्ट लागू नये म्हणून तिने स्वतःच्या बोटाने लावलेली तीट यंत्राच्या लेखी मुरमासारखा एक डाग होती. दृष्टीवर माझा विश्वास आहे की नाही हा येथे मुद्दा नाही. आजीने मुद्दाम लावलेली गोष्ट फोटोतून परस्पर पुसून टाकण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

रिटचिंग करणारे जाणकार एक साधा नियम पाळतात: जे आठवड्याभरात आपोआप जाणार आहे ते काढावे, जे कायम राहणार आहे ते राहू द्यावे. या नियमाने डासाची गाठ, पुरळ आणि शेंबूड जातात, जन्मखूण राहते. आपल्याकडे त्याला एक पुरवणी जोडावी लागते, ती अशी की जे हौसेने किंवा रीत म्हणून लावले आहे ते क्षणिक असले तरी राहू द्यावे. मग तीट राहते, कपाळावरचे कुंकू राहते आणि नाकावर सांडलेले तेवढे जाते. डोळ्यांतले काजळ राहते, फरकटलेले तेवढे जाते. हा भेद सॉफ्टवेअरला कळत नाही आणि कळण्याची अपेक्षाही नाही. तेव्हा सॉफ्टवेअर असे हवे की जे आपण दाखवू तेवढ्यालाच हात लावील आणि बाकीच्या चेहऱ्याला शिवणार नाही. गिम्प मला पसंत पडले ते प्रथम या एका कारणासाठी. ते चेहरा ओळखत नाही, त्वचा शोधत नाही, आपण होऊन काहीच करत नाही.

गिम्पची सुरुवात १९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली आणि पुढच्याच वर्षी ते सर्वांसाठी खुले झाले. आजही ते मुक्त परवान्याखाली मिळते, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही. २.१० ही आवृत्ती २०१८ च्या एप्रिलमध्ये आली आणि त्यानंतरची मोठी आवृत्ती, म्हणजे ३.०, थेट १६ मार्च २०२५ रोजी. इतक्या काळाने आलेल्या आवृत्तीत आपल्या कामाचा बदल एकच, पण तो महत्त्वाचा आहे. बहुतेक फिल्टर (चित्राच्या मोठ्या भागावर एकदम परिणाम करणारी साधने) लावल्यावर आता चित्रात कायमचे मुरून बसत नाहीत, लेअरला, म्हणजे एकावर एक रचलेल्या चित्राच्या थराला, चिकटून वेगळे राहतात आणि नंतर केव्हाही उघडून कमीजास्त करता येतात. रात्री संगणकाच्या उजेडात बरोबर वाटलेला रंग सकाळी भडक दिसतो, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना या सोयीची किंमत कळेल.

मात्र ब्रशने केलेल्या कामाला ही सोय लागू नाही. हील किंवा क्लोन या डाग झाकण्याच्या ब्रशांनी मारलेला प्रत्येक ठिपका त्या लेअरवर पक्का बसतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मूळ लेअरची प्रत करून घ्यावी आणि सगळी दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. मधूनमधून वरच्या लेअरपुढची डोळ्याची खूण बंद करून खालचा मूळ चेहरा पाहावा, म्हणजे आपला हात कुठवर गेला ते समजते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. डाग काढण्याचे मुख्य साधन म्हणजे हील. फोटोशॉप या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा प्रकारचा ब्रश २००२ साली ७.० या आवृत्तीत आला आणि गिम्पमध्ये तो २००७ च्या २.४ या आवृत्तीपासून आहे. कंट्रोलची कळ दाबून चांगल्या त्वचेवर क्लिक केले की ती जागा नमुना म्हणून धरली जाते. मग डागावर क्लिक केले की पोत नमुन्याचा घेतला जातो, पण रंग आणि उजेड डागाच्या आसपासच्या त्वचेशी जुळवला जातो. क्लोनमध्ये असे जुळवणे नसते, तिथे नमुना जसाच्या तसा येऊन बसतो. कपाळावरची डासाची गाठ हीलने एका क्लिकमध्ये गेली. ब्रश गाठीपेक्षा थोडासाच मोठा ठेवावा आणि ओढत नेण्याऐवजी एकेक ठिपका द्यावा. ओढल्यावर पोताची लांबट पुनरावृत्ती दिसू लागते.

मुलांच्या त्वचेबाबत एक गोष्ट मोठ्यांच्या फोटोवर शिकलेल्यांच्या ध्यानात येत नाही. मुलांच्या त्वचेवर रंध्रे जवळजवळ दिसत नाहीत, दिसते ती लव, आणि लवेला दिशा असते. कपाळावर ती कडेच्या बाजूला वळलेली असते, गालावर खाली उतरते, कानाजवळ मागे जाते. गालाच्या मध्यभागी असलेल्या पुरळासाठी नमुना कानाजवळचा घेतला तर रंग अचूक जुळतो आणि तरीही त्या जागी ठिगळ दिसते, कारण लव उलटी पडते. म्हणून नमुना डागाच्या अगदी शेजारचा आणि त्याच वळणावरचा घ्यावा. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला तरच हे दिसते, पण मोठ्या प्रिंटमध्येही ते जाणवतेच.

हीलची खरी अडचण कडांपाशी येते. मुकुटाचा हलवा जिथे कपाळाला टेकतो तिथल्या पुरळावर हील चालवले की काट्यांचा पांढरा रंग कपाळात पसरतो आणि एक दुधट डाग तयार होतो, आधीच्या पुरळाहून वाईट. फरकटलेल्या काजळाचेही तेच. पापणीजवळ हील नेले की काळा रंग खाली ओढला जातो. हा गिम्पचा दोष नाही, शेजारच्या रंगाशी जुळवून घेण्याच्या या पद्धतीचाच तो स्वभाव आहे. अशा ठिकाणी क्लोन घ्यावा, ब्रशची कड मऊ ठेवावी, अपारदर्शकता ३० ते ४० टक्क्यांवर आणावी आणि दोन-तीन हात द्यावेत. काजळाची खालची रेघ मी अशीच स्वच्छ केली. ती अगदी सरळ आणि रेखीव मात्र केली नाही, कारण धडपडणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत घातलेले काजळ तसे कधीच नसते.

झबल्यावरच्या पुडीचे काम कंटाळवाणे आहे. एकेक कण हीलने टिपत बसायचे तर तास जातो. गिम्पमध्ये डिस्पेकल नावाचा फिल्टर आहे, तो बारीक ठिपके एकदम खातो. पण निवड न करता लावला तर पुडीबरोबर हलव्याचे काटेही बोथट करतो. म्हणून आधी लॅसोने फक्त कापडाचा भाग निवडावा, दागिन्यांभोवती पुरेशी जागा सोडावी, मग फिल्टर लावावा, आणि दागिन्यांलगतचे कण शेवटी हाताने टिपावेत. सगळी पूड काढू नये असेही माझे मत आहे. साखरेचा दागिना घातलेल्या आणि त्यातलाच एक मणी चोखत बसलेल्या मुलाच्या झबल्यावर पूड अजिबात नसली तर फोटो दुकानातल्या पुतळ्याचा वाटतो.

गालांवरचे लालसर चट्टे हा या फोटोतला सर्वांत नाजूक भाग, आणि गिम्पने सर्वांत चांगले काम तिथेच केले. फोटोच्या आधी थोडे रडणे झाल्यामुळे गाल एकसारखे लाल नव्हते, लाल-पांढरे झाले होते. येथे साधे ब्लर लावले की लव जाते आणि चेहरा प्लॅस्टिकचा होतो. स्टुडिओतल्या फोटोत नेमके तेच झाले होते. गिम्पमध्ये वेव्हलेट डिकंपोझ नावाची सोय आहे, ती २.१० पासून सॉफ्टवेअरबरोबरच येते. ती एका चित्राचे अनेक थर पाडते. पहिल्या थरात अगदी बारीक तपशील असतात, पुढच्या प्रत्येक थरात क्रमाने जाड होत जाणारे, आणि तळाशी उरते ती केवळ रंगांची व उजेडाची मोठी ढोबळ छाया. सगळे थर एकत्र दिसत असताना चित्र मुळासारखेच असते. लव आणि पापण्या पहिल्या दोन-तीन थरांत राहतात, चट्टे शेवटच्या दोन थरांत आणि तळच्या छायेत. तेव्हा वरच्या थरांना हात न लावता खालच्या थरांवर गालाचा भाग मऊ कडेने निवडून तेवढ्यालाच गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) दिला की चट्टे विरतात आणि लव जागच्या जागी राहते.

एवढ्यावर न थांबता मी त्या थरांच्या पूर्ण गटाची अपारदर्शकता सुमारे साठ टक्क्यांवर आणली, म्हणजे खालचा मूळ गाल अर्धामुर्धा वर डोकावतो. पूर्ण एकसारखा गाल मुलाला शोभत नाही. चट्टे नेमके कुठे आहेत हे डोळ्यांना धड कळत नसेल तर लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळा दाखवणाऱ्या चॅनेल्सच्या पटलात जाऊन फक्त हिरवा चॅनेल पाहावा. लाल चॅनेलमध्ये त्वचा नितळ दिसते. रक्ताचा लालसरपणा आणि डाग हिरव्यात गडद उमटतात. हिरव्या चॅनेलमध्ये फोटो पाहिल्यावर बहुतेक आयांना धक्का बसतो, म्हणून तो त्यांना दाखवू नये.

रंगाच्या बाबतीत हलव्याच्या दागिन्यांनी मला अनपेक्षित मदत केली. छायाचित्रकार रंग अचूक राखण्यासाठी करड्या रंगाचे कार्ड चौकटीत धरतात. बोरन्हाणाच्या फोटोत ते काम पांढरा हलवा करतो. लेव्हल्स या उजेड व रंग जुळवण्याच्या साधनात करडा बिंदू निवडण्याचे जे पिपेट आहे, ते हलव्याच्या न फुटलेल्या, किंचित छायेतल्या मण्यावर टेकवले की खोलीतल्या पिवळ्या दिव्याची झाक निघून जाते आणि त्वचेचा खरा रंग समोर येतो. हलवा केशरी किंवा गुलाबी रंगवलेला नसावा, एवढी काळजी घ्यावी. असा रंग सुधारल्यावर माझा भाचा जितका गव्हाळ आहे तितकाच गव्हाळ दिसू लागला, आणि त्यापुढे उजळवण्याची गरज घरात कोणालाच वाटली नाही. मुलाला गोरे करणे हा रिटचिंगचा भाग नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार बटण असते त्याकडे मी याच कारणाने संशयाने पाहते. गिम्पमध्ये असे बटण नाही. ज्याला करायचेच आहे तो कर्व्ह्जने (उजेड वक्ररेषेने कमीजास्त करण्याच्या साधनाने) करील, पण निदान आपण काय करत आहोत हे त्याला कळत असेल.

डोळ्यांना मी जवळजवळ हात लावला नाही. लहान मुलांच्या बुबुळांभोवतीचा पांढरा भाग किंचित निळसर असतो, कारण ते आवरण पातळ असते. तो ब्रशने पांढराफेक केला की नजर निर्जीव होते. डोळ्यांत उमटलेली खिडकीची चौकोनी चमक तशीच ठेवावी. मागून धरलेला आईचा हात चौकटीत आला असेल तर तोही काढू नये असे मला वाटते, पण येथे मतभेदाला जागा आहे. ज्यांना काढायचाच आहे त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की मोठी वस्तू पुसून मागचे दृश्य भरण्याची सोय गिम्पमध्ये मुळात नाही, त्यासाठी रिसिंथेसायझरसारखे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, वेगळे बसवावे लागते.

गिम्पविषयीच्या माझ्या तक्रारीही थोड्या नाहीत. पहिली म्हणजे नव्या माणसाला बुचकळ्यात टाकणारी सेव्ह आणि एक्स्पोर्ट यांची फारकत. सेव्ह केले की एक्ससीएफ फाइल तयार होते, जी फोटो छापणाऱ्या लॅबवाल्याकडे उघडत नाही. जेपेग हवी तर एक्स्पोर्ट करावे लागते. कारण रास्त आहे, कारण एक्ससीएफमध्ये सगळे लेअर शाबूत राहतात, पण हे कोणी सांगितल्याशिवाय उमगत नाही. दुसरी, कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल गिम्प स्वतः उघडत नाही. त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांपैकी एक सॉफ्टवेअर सोबत असावे लागते. दोन्ही मोफत आहेत, परंतु आणखी एक नवे शिकणे आलेच. तिसरी, वेव्हलेटचे थर पाडल्यावर मोठ्या फोटोची फाइल इतकी जड होते की जुना संगणक अडखळतो. अशा वेळी फोटो आधी प्रिंटच्या मापात आणून घ्यावा.

फोटोशॉपशी तुलना टाळता येणार नाही. त्यातला स्पॉट हीलिंग ब्रश नमुना स्वतःच शोधतो, आणि ही सोय त्यात २००५ पासून आहे. त्यामुळे तिथे डाग काढणे निश्चितच जलद होते. ज्याचा हा व्यवसाय आहे आणि ज्याच्याकडे लग्नसराईत हजारो फोटो येतात, त्याला फोटोशॉपची वर्गणी परवडते. २०१३ पासून नव्या आवृत्त्या एकरकमी विकत मिळत नाहीत, दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरावे लागतात; वर्षाकाठी मुलाचे मोजके फोटो नीट करणाऱ्या घराला तो खर्च पटत नाही. निकालाच्या दर्जात मला जो फरक दिसला तो सॉफ्टवेअरचा कमी आणि हाताचा जास्त होता.

मोबाइलवरच्या एका बोटात चेहरा सुधारून देणाऱ्या ॲपबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. ती सगळ्या चेहऱ्यावर एकच इस्त्री फिरवतात, आणि त्यांतली अनेक आधी फोटो स्वतःच्या सर्व्हरवर चढवतात. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल ठरते आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक धरली आहे. पण आपण स्वतःच न वाचता ‘मान्य’ दाबले तर कायदा तरी काय करणार? गिम्पमध्ये फोटो आपल्या संगणकाबाहेर जात नाही. तयार फोटो नातेवाइकांच्या गटावर टाकण्यापूर्वी एक्स्पोर्टच्या चौकटीत एक्झिफ (फोटोसोबत आपोआप नोंदली जाणारी) माहिती जतन करण्याची खूण काढून टाकावी, कारण मोबाइलने काढलेल्या फोटोत घराचा नेमका ठावठिकाणा नोंदलेला असू शकतो.

मोबाइलनेच फोटो काढणार असाल तर ब्युटी मोड आधी बंद करावा. फोनने पुसलेली लव गिम्प परत आणू शकत नाही. पोर्ट्रेट मोडही टाळावा, कारण मागचे धूसर करताना फोन मुकुटाचे काटे आणि जावळाच्या बटा निम्म्याच कापतो, आणि ती कड हाताने दुरुस्त करणे हे वर सांगितलेल्या सगळ्या कामाहून किचकट आहे.

पासपोर्टच्या फोटोला यांतले काहीही लावू नये. चार वर्षांखालील मुलासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीचा ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो सोबत न्यावा लागतो, आणि तो सॉफ्टवेअरने बदललेला नसावा अशी अपेक्षा असते. तिथे डासाची गाठ दिसली तरी बिघडत नाही.

काम संपल्यावर तीन फाइल जपाव्यात: कॅमेऱ्यातली मूळ, लेअरसह एक्ससीएफ आणि छपाईची जेपेग. त्या एकाच जागी ठेवू नयेत, हे २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीकराला वेगळे सांगायला नको. माळ्यावरचे अल्बम वाचले आणि तळमजल्यावरच्या संगणकातले फोटो गेले, अशी घरे आमच्याकडे आहेत.

छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, धरले तर ८ × १२ इंचांना २४०० × ३६०० पिक्सेल लागतात. रंग एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमानकातच ठेवावेत, कारण आपल्याकडच्या लॅब बहुधा तेच गृहीत धरतात. संगणकाचा पडदा आतून उजळलेला असतो, कागद नसतो. त्यामुळे पडद्यावर दिसणारी झबल्याची वीण कागदावर काळ्यात बुडते. कर्व्ह्जने सर्वांत गडद भाग किंचित वर उचलून आधी ४ × ६ ची एक नमुना प्रत काढून पाहावी, आणि ती दिवसाच्या उजेडात तपासून मगच मोठी काढावी. लॅबमध्ये देताना ऑटो करेक्शन बंद ठेवायला आवर्जून सांगावे, नाहीतर काळे झबले पाहून मशीन संपूर्ण फोटो उजळवते आणि चेहऱ्यावर केलेली मेहनत वाया जाते. कागद निवडताना ग्लॉसीवर काळा रंग अधिक गडद उतरतो आणि हलव्याचे काटे उठून दिसतात. पण फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर लागणार असेल तर ग्लॉसीत चेहऱ्यापेक्षा खिडकीच जास्त दिसते, तिथे मॅट घ्यावा.